पार्बताची जागा

"आता या दोन वर्साचं काय लिहू, बिस्मिल्लाबी?" खुशालरावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"काय लिहू म्हंजे? कामावर होती म्हना. तुमीच तं हजेरी घेत होते."

"जरा हळू बोला."

"काहून हळू? चोरी केली का म्या?"

खुशालरावांनी पेनला टोपण लावलं. फंड ऑफिसच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली त्यांचं टेबल होतं. उभा जन्म जिनिंग फॅक्टरीत हजेरी घेण्यात गेला, आणि फॅक्टरी बंद पडल्यावर ते आता त्याच माणसांचे पेन्शनचे कागद भरून देत. अकोल्यात तेव्हा अशी माणसं पुष्कळ होती. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. एका साली लाल्या रोग पडे, दुसऱ्या साली पाऊस दडी मारे, आणि जुन्या रेच्यांच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, जिनिंगांना एकेक करून कुलूप लागत होतं. नव्या मशीनवाल्यांना कापूस थोडाफार मिळे, पण रेच्यावर बसून कापूस भरणाऱ्या बाया नको होत्या. बिस्मिल्लाबीच्या जिनिंगच्या आवारात तर आता लग्नं लागत. जिथं कापसाच्या गठाणी रचायच्या तिथं नवरदेवाचं स्टेज होतं.

"हे पाहा बाई," खुशालराव म्हणाले, "पेन्शनले दहा सिझन लागतात. तुमचे भरतात आठ. मंग पेन्शन नाई. जे काय जमा हाये ते एकडाव हाती देतात आनि फाइल बंद."

"मंग ते दोन धरा ना."

"ते तुमच्या नावावर नाईत. पार्बताबाईच्या नावावर हायेत."

"पन काम तं म्या केलं!"

"मले माहीत हाये." त्यांनी मागं वळून फाटकाकडे पाहिलं. "मलेच तं माहीत हाये. पन म्या लिहून देल्लं तं पयले मले धरतीन. एकीच्या नावानं दुसरीची हजेरी लावली म्हनून. पार्बताबाईनं सोता लिहून देल्लं, का त्या दोन सिझन माह्या जाग्यावर बिस्मिल्लाबी होती, तं सायबापुढं ठेवता येते."

"मंग देईन ना थे. काहून नाई देईन?"

वाईट बातमी सांगायची असली की खुशालराव आधी नाक पुसायचे. त्यांनी नाक पुसलं.

"तिचे दहा भरले ते हे दोन धरून. हे काढले का तिचे आठ. तिले पेन्शन चालू हाये, ते बंद होईन. दोघीईले नाई भेटत बाई. एकीलेच भेटते."

बिस्मिल्लाबीने पदर डोक्यावर ओढून घेतला. रस्त्यावरून एक ऑटो भोंगा वाजवत गेला.

"द्या लिहून कागद," ती म्हणाली. "मी आनतो तिचा आंगठा."

जिनिंगमध्ये एक रीत होती. सिझन दिवाळीला सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास संपायचा. त्या दिवसांत कोणाची जागा सुटली की सुटलीच, दारावर दहाजणी उभ्या असत. म्हणून कोणी बाळंत व्हायची असली, कोणाचं हाड मोडलं, तर ती आपल्या ओळखीच्या बाईला आपल्या रेच्यावर बसवून जाई. याला जागा धरणं म्हणत. नाव जुनीचं, हात नवीचे. मजुरी जी राबेल तिची, आणि जुनी परत आली की तिची जागा तिला. मुकादमाला हे माहीत असे, हजेरीवाल्याला माहीत असे, मालकालाही बहुधा माहीत असावं. फंड मात्र नावावर कापला जाई. पण फंडाचा विचार तेव्हा कोण करत होतं? कापले म्हणजे गेले, एवढीच सगळ्यांची समजूत होती.

पार्बताला टीबी झाली तेव्हा तिने ही गोष्ट फक्त बिस्मिल्लाला सांगितली. नवरा, वामनराव, आधीच गेला होता. पोरगा नितेश, त्याला लागण नको म्हणून, मामाकडे धाडलेला. जिनिंगमध्ये कळलं असतं तर बायांनीच हाकलून दिलं असतं. नेमक्या त्याच साली मालकाने बिस्मिल्लाच्या ओळीतले रेचे भंगारात काढले आणि ती घरी बसली होती. "तू माही जागा धर वो," पार्बता म्हणाली. "मी बरी झाली का येतो."

बरं व्हायला दोन सिझन लागले. तेवढे दिवस बिस्मिल्लाबी पार्बता होती. सकाळी खुशालराव "पार्बताबाई" म्हणून पुकारत आणि ती "हाव" म्हणे. पहिल्या आठवड्यात बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादम म्हणाला, पार्बता, रोजे कवाचे हायेत वो तुह्ये? मग सगळ्यांना सवय झाली, आणि तिलाही.

संध्याकाळी सुटी झाली की ती सरळ पार्बताच्या खोलीवर जाई. दवाखान्यातल्या डॉक्टरने अंडी खायला सांगितली होती. वामनराव माळकरी, त्यामुळे त्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. बिस्मिल्ला आपल्या घरून दोन अंडी उकडून पदराखाली आणायची. पार्बता भिंतीकडे तोंड करून ती खाई. त्या भिंतीवर वामनरावांचा फोटो नव्हता, तो पाठीमागच्या भिंतीवर होता, म्हणून तिकडे तोंड. तोंड पुसून झालं की ती उशीला टेकायची आणि विचारायची, "सांग आता. आज पार्बतानं काय केलं?"

दिवसभर तिच्या जिवाला एकच घोर असे, की जागा जाते की काय. म्हणून बिस्मिल्ला सांगायची. आज पार्बताचा रेचा दोनदा अडकला. आज पार्बतानं मुकादमाले तोंडावर सुनावलं. आज पार्बता माणिकबाईसंगं भांडली, मंग दोघीनं एकाच डब्यात खाल्लं. पार्बता हसत हसत ऐके, हसता हसता खोके, आणि म्हणे, "लयच तोंडाची हाये वो थे पार्बता."

दुसऱ्या सिझनला कापसाच्या गंजीला आग लागली. गंजीच्या कडेला एका मजूर बाईची तान्ही पोर झोपवलेली होती. बिस्मिल्लाने ती ओढून काढली. त्यात तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मालकाने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर "पार्बताबाई" म्हणून पुकारून हिरवं लुगडं दिलं. बिस्मिल्लाने ते घेतलं आणि संध्याकाळी पार्बताच्या खाटेवर ठेवलं.

"हे तुह्यं हाये," पार्बता म्हणाली.

"नाव तुह्यं पुकारलं. ठेव."

आणि मग पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तिने आगीची सगळी गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. पार्बता धावली. पार्बतानं पोर छातीशी धरली. खाटेवरच्या पार्बताने ती गोष्ट पुढं कितीतरी संध्याकाळी पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

धामणगावची पॅसेंजर मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. पार्बताकडे निघालेली बिस्मिल्लाबी खिडकीशी बसली होती. मांडीवरच्या पिशवीत खुशालरावांनी लिहिलेला कागद होता, शाईचं पॅड होतं आणि रुमालात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी होती. अंडी का घेतली हे तिला नीट सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच.

पार्बता बरी होऊन परतली, तोवर माणिकबाईने काम सोडलं आणि तिच्या रेच्यावर बिस्मिल्लाला स्वतःच्या नावाने जागा मिळाली. पुढं जिनिंग बंद पडेपर्यंत दोघी शेजारी बसल्या. मग पार्बता पोराकडे धामणगावला गेली. त्याला सहा-सात वर्षं झाली होती. सुरुवातीला निरोप येत, मग तेही थांबले.

बिस्मिल्लाबीचा नवरा रऊफ जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पोरगा साजिद सुरतेला कापडाच्या लूमवर होता. ईदला शेजारच्यांच्या फोनवर त्याचा फोन येई, आणि शेजारची गजाला दारात उभी असल्यामुळे काही बोलता येत नसे. "खैरियत है ना अम्मी?" "हां बेटा, सब खैरियत." झालं. एक सवय मात्र तिची सुटली नव्हती. संध्याकाळी भाकर थापताना ती दिवसभराचं मोठ्याने सांगे. नळ किती उशिरा आला, कोण भांडलं. ऐकायला कोणी नसे. गजालाला वाटे, म्हातारीचं डोकं फिरलंय.

बडनेरा गेलं तशी ती मनातल्या मनात भांडायला लागली. पार्बताले पोरगा हाये. सून हाये. दोन टाइम आयतं ताट समोर येते. मले कोन हाये? हात माह्ये भाजले. फेफड्यात रुईची धूळ माह्या गेली. बंद होईन तं होऊ दे बंद. पोरगा पोसन तिले. मी काय भीक मांगून राहिली का? माह्यंच मांगून राहिली.

तिला याची लाज वाटली नाही. हक्काचं मागायला कसली लाज, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

नितेशचं घर धान्यबाजाराच्या मागं होतं, दोन खोल्यांचं. दार त्याची बायको मैना हिने उघडलं. कोण, कुठली हे सांगितल्यावर ती एकदम मोकळी झाली.

"या वो मावशी. आई तुमचं नाव घेते कवा कवा. बसा. आईले आता बरोबर नाई समजत. कवा सगळं आठवते, कवा मलेच इचारते, तू कोनाची पोरगी?"

पार्बता ओसरीवर खाटेवर बसली होती. बारीक झाली होती, पण लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले. बिस्मिल्लाबीला आधी तेच दिसलं, आणि बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

"वळखलं का?"

"बिस्मिल्ला," पार्बता लगेच म्हणाली. "किती बुढी झाली वो तू."

"तू तं जशी पोरगीच हायेस."

दोघी हसल्या. मैनाने चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत तिने घरची सगळी हकीकत सांगून टाकली. नितेश बाजारात हमाली करतो. औंदा माल नाही, मोसमातसुद्धा आठवड्यातले दोन-तीन दिवस हात रिकामे. "आईची पेन्शन हाये म्हनून चूल पेटते मावशी. खोटं काहून सांगू? दर महिन्याले मी सोता आईले बँकेत घेऊन जातो, रिक्षात. धनी बी आईले इचारल्याबिगर काई आनत नाईत. लोकाइच्या घरी बुढ्याइचे हाल पाह्यतो ना आपन. आमच्या आईनं काम केलं, म्हनून आज हे दिवस हायेत."

बिस्मिल्लाबीने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"लय काम केलं आईनं," मैना सांगत होती. "थांबा, तुमाले दाखवतो." तिने आतून पेटीतलं हिरवं लुगडं आणलं, घडीवर घडी तशीच. "हे मालकानं देल्लं आईले. आगीतून पोरगी काढली होती आईनं. तुमी होत्या ना तवा तथी?"

"सांग वो बिस्मिल्ला तिले," पार्बता उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली. "कशी आग होती! मी धावली. कोनी म्हने जाऊ नको, कोनी म्हने पानी आना. म्या पोर छातीशी धरली अशी."

शब्द न् शब्द तिचेच होते. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून सांगितलेले.

"पार्बता," बिस्मिल्लाबी म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "तू तवा खाटेवर होती. टीबी झाली होती तुले. तुही जागा म्या धरली होती. दोन सिझन. आठवते का नाई?"

पार्बताने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मले कोठची टीबी? टीबी तुले झाली होती वो. मी रोज कामावरून येओ आनि तुह्यापाशी बसो. तू खाटेवर राहे. लय खोकले तू. मले लय भेव वाटे, का हे वाचते का नाई."

मैनाने चहाचा कप पुढे केला होता. तो तिने जरा लांबूनच खाली ठेवला.

"टीबी होती का मावशी तुमाले? बरी झाली ना पन पुरी?"

जिनिंगमध्ये जिच्या तोंडाला मुकादमही टरकायचा, ती बिस्मिल्लाबी चहाच्या कपाकडे नुसती बघत राहिली. एवढं एकटं तिला रऊफच्या मयतीतही वाटलं नव्हतं. ते दोन सिझन फक्त कागदावरून गेले आहेत अशी तिची समजूत होती. ते पार्बताच्या मनातूनही गेले होते, जिथं तिने रोज संध्याकाळी आणून ठेवले होते.

मैना पदर सावरत उठली. "तुमी बसा बोलत. मी चक्कीवरून पीठ घेऊन येतो. जेवूनच जाजा मावशी, आता उशीर होईन. पन आमच्या इथं मटन-अंडं काई नाई चालत हो. आईनं तं जन्मात अंड्याले हात नाई लावला."

ती गेली. ओसरीवर दोघीच उरल्या.

बिस्मिल्लाबीने पिशवीतून कागद काढला. पॅड काढून झाकण उघडलं. हे किती सोपं होतं ते तिला दिसत होतं. पार्बता तिच्याकडे बघून हसत होती, लहान मूल हसतं तशी. तिचा हात हातात घेतला तर तिने तो दिला. अंगठा पुढं करून दिला. कसला कागद, कशासाठी, काही नाही. बँकेत दर महिन्याला मैना धरते तसाच तो अंगठा सुटा होऊन पुढं आला.

माह्यंच हाये, बिस्मिल्लाबी मनात म्हणाली. माह्यंच घेऊन राहिली मी.

तिने अंगठा पॅडवर दाबायला घेतला. तेवढ्यात पार्बताने नाक वर करून हवेत वास घेतला, दोनदा.

"काय आनलं?" तिने हळूच विचारलं. आवाज एकदम वेगळा होता, चोरटा, पंधरा वर्षांपूर्वीचा.

बिस्मिल्लाबी थांबली. मग तिने तो हात सोडला, रुमालाची गाठ सोडली आणि अंडं सोलायला घेतलं. बोटं चिकट झाली, टरफल नीट निघेना. पार्बता वाट बघत होती. अंडं हातात आल्याबरोबर तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठमोरी बसून तिने ते दोन घासांत संपवलं. मग दुसरं मागून घेतलं. तेही तसंच संपवलं. या घरात वामनरावांचा फोटो कुठंच नव्हता.

बिस्मिल्लाबीला रडू आलं आणि ती रडली. टरफलं गोळा करता करता रडली. या बाईच्या डोक्यातून सगळं पुसून गेलं होतं, नाव, हात, आजार, सगळी उलटापालट झाली होती, पण पाठीला मात्र आठवत होतं.

पार्बताने पदराने तोंड पुसलं. उशीला टेकली. पाय जवळ घेतले.

"सांग आता," ती म्हणाली. "आज पार्बतानं काय केलं?"

किती वर्षांनी कोणी तिला दिवसाचं विचारलं होतं. बिस्मिल्लाबीने डोळे पुसले. पॅडचं झाकण लावलं. कागदाची घडी घालून तो पिशवीत टरफलांखाली सारला. बाह्या नीट केल्या.

"आज ना," ती म्हणाली, "आज पार्बताच्या रेच्याजवळ आग लागली."

"अगं माय!"

"गंजीनं भक्कन पेट घेतला. सगळे बाहीर पळून राहिले. आनि पोरगी तं आतच."

"मंग?"

"मंग काय. पार्बता धावली."

मैना पीठ घेऊन दारात आली तेव्हा गोष्ट संपत आली होती. ती डबा तसाच हातात धरून ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे खरंच आईनंच काढली ना मावशी पोरगी? कवा कवा धनी म्हनतात, आईच्या आंगावर तं भाजल्याचं काई निशान नाई."

"म्या माह्या डोयानं पाह्यलं," बिस्मिल्लाबी म्हणाली. "पार्बतानंच काढली."

जेवायला ती थांबली नाही. पार्बताला तोवर झोप लागली होती. मैनाने स्टेशनच्या रस्त्यापर्यंत सोबत केली, आणि जाताना म्हणाली, "येत जाजा मावशी. आईले लय आनंद झाला." टीबीचं तिच्या डोक्यातून गेलं असावं, किंवा तिने मोठ्या मनाने सोडून दिलं असावं.

गाडीत बसायला जागा मिळाली. समोरच्या बाईने विचारलं, "कोठी गेल्या होत्या?" बिस्मिल्लाबी म्हणाली, "बहिनीकडे." नंतर अकोल्यापर्यंत तिच्याशी कोणी बोललं नाही. घरी येऊन तिने चूल पेटवली, पीठ मळलं, पहिली भाकर तव्यावर टाकली. तोंड उघडलं आणि मिटलं. आजचं सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली खुशालरावांकडे दोघं-तिघं बसले होते. ती नंबर लावून बसली. आपली पाळी आल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला. घडीत टरफलाचा बारीक तुकडा अडकला होता. तो तिने फुंकून उडवला.

खुशालरावांनी खालची कोरी जागा पाहिली.

"भेटल्या नाई का पार्बताबाई?"

"भेटली."

"नाई म्हनलं का तिनं?"

"नाई. थे काहून नाई म्हनन?"

खुशालरावांना काही उमगेना. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि तिचा मूळ अर्ज काढला. तो अर्धवटच भरलेला होता. पेनचं टोपण काढलं. नाक पुसलं.

"मंग या दोन वर्साचं काय लिहू?"

"लिहा," बिस्मिल्लाबी म्हणाली, "घरीच होती."

त्यांनी मान वर केली. दोन सिझन, रोज सकाळी, थंडीत तोंडातून वाफ निघत असताना, त्यांनी हिला दुसरीच्या नावाने पुकारलं होतं आणि हिने "हाव" म्हटलं होतं. आग लागली त्या दिवशी हिच्या हातावर पहिली पाण्याची बादली त्यांनीच ओतली होती.

"दोनही सिझन?"

"दोनही. काई काम नोतं तवा मले. पार्बता जाये कामावर."

"बाई, एकडाव लिहून गेलं का मंग..."

"लिहा ना."

खुशालरावांनी लिहिलं. दोनच शब्द, पण त्यांना वेळ लागला. मग त्यांनी अर्ज तिच्याकडे फिरवला, पॅड उघडलं आणि तिचा उजवा हात धरून अंगठा शाईवर टेकवला. पोलक्याची लांब बाही मनगटावरून वर सरकली. भाजलेली कातडी उन्हात चकाकली, ताणलेली, केस नसलेली. खुशालरावांचा हात तिथंच थांबला. ते तिच्या तोंडाकडे बघेनात.

बिस्मिल्लाबीने डाव्या हाताने बाही खाली ओढली.

"दाबा," ती म्हणाली. "मागं लोक खोळंबले हायेत."